खाशाबांचा अर्धा तास

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. मी सोलापूरच्या एका कॉन्व्हेंट शाळेत शिकलो. माझं मराठी म्हणजे घरी आई-आजीशी बोलण्यापुरतं. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यातला फरक समजायला मला अजूनही मनातल्या मनात इंग्रजीत एक फेरी मारून यावं लागतं. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा मला वाटलं, गंमत करतायत. पण हा लेख मी इंग्रजीत लिहिला असता तर माझ्या आजोबांना वाचता आला नसता, आणि यातला अर्धा वाटा त्यांचा आहे. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला आणि पुढे वाचा.

तर झालं असं. १५ जानेवारी हा खाशाबा जाधव यांचा जन्मदिवस. २०२४ पासून तो महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. यंदा आपल्या कॉलेजातही कार्यक्रम झाला. फोटोला हार, दहा मिनिटांचं भाषण, मग समोसा आणि चहा. खरं सांगतो, शाळेत आम्हाला जेसी ओवेन्सवर धडा होता, पण खाशाबा हे नाव मी पहिल्यांदा नीट ऐकलं ते त्या दिवशी, वयाच्या विसाव्या वर्षी, धाराशिवमध्ये. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारा माणूस आपल्या सातारा जिल्ह्यातला, आणि मला पत्ताच नाही! लाज वाटली. आणि लाज वाटली की माणूस काहीतरी वेड्यासारखं करतो.

मी त्या रात्री होस्टेलच्या जिममध्ये पैज लावून ३०० बैठका मारल्या. दिवाळीपासून मी व्यायाम म्हणून मेसच्या पायऱ्या चढलो होतो, तेवढाच. बैठका झाल्यावर जोश इतका होता की रॉडला प्लेटा लावून स्क्वॉट पण मारले. मित्रांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, झालो पहिलवान.

दुसऱ्या दिवशी मांड्या जड झाल्या. तिसऱ्या दिवशी मात्र कहर झाला. नेमके त्याच दिवशी आई-बाबा दर्शनाला तुळजापूरला आले होते, म्हणून मीही गेलो. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, देवीचं मंदिर खाली आहे, महाद्वारातून पायऱ्या उतरत उतरत जावं लागतं. प्रत्येक पायरीला मांडीत सुरी फिरत होती. मी कठडा धरून आडवा आडवा उतरत होतो आणि सत्तरीच्या आज्या मला ओलांडून पुढे जात होत्या. गंमत म्हणजे येताना चढणं त्यामानाने सोपं गेलं. चढताना दम लागतो, मग उतरताना जास्त का दुखावं? हा प्रश्न तेव्हा डोक्यात आला, पण उत्तर शोधायच्या आधीच मी दुसरा मूर्खपणा केला.

होस्टेलवर आल्यावर एका जाणकाराने सांगितलं की काट्याने काटा काढायचा. दुखतंय तिथेच अजून व्यायाम करायचा, म्हणजे आतलं लॅक्टिक ॲसिड निघून जातं. मी एक पेनकिलर घेतली, त्या दिवशी पाणीही धड प्यायलो नव्हतो, आणि तशाच अवस्थेत आणखी १५० बैठका मारल्या. चौथ्या दिवशी सकाळी मांड्या फुगून टणक झाल्या होत्या, आणि बाथरूममध्ये गेलो तर लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा. मग मात्र तंतरली. रेक्टर सरांनी तडक दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, सलाईन लावलं आणि समजावून सांगितलं. स्नायू प्रमाणाबाहेर फाटला की त्याच्या आतला मायोग्लोबिन नावाचा पदार्थ रक्तात उतरतो. तो गाळता गाळता किडन्या थकतात, कधी बंदही पडतात. त्यात पाणी कमी आणि वर पेनकिलर, म्हणजे किडनीवर दुहेरी मार. माझं नशीब की वेळेत आलो. तीन दिवस सलाईनवर काढले आणि किडन्या शाबूत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आजोबा आले. आमचं मूळ गाव परंडा तालुक्यात. तरुणपणी आजोबा यात्रांमधून कुस्त्या खेळायचे. त्यांनी आधी विचारलं, किती मारल्या? मी आकडा सांगितला. ते हसले, मग एकदम गप्प झाले. नंतर म्हणाले की तालमीत नव्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी पंचवीसच्या वर बैठका मारू देत नसे, आणि पोराने चोरून जास्त मारल्या तर कान धरायचा. खाशाबांचं नाव घेऊन तू हे केलंस, पण खाशाबा तुला कळलेच नाहीत, असा त्यांच्या बोलण्याचा मतलब होता. पुढचे दोन आठवडे मला जिना चढायलाही मनाई होती. तेव्हा मी खाशाबांविषयी मिळेल ते वाचून काढलं, हळूहळू, बोट ठेवून. ते आता तुम्हाला सांगतो.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. गाव गोळेश्वर, कराडच्या अगदी शेजारी. वडील दादासाहेब स्वतः पहिलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. वडिलांनी पाचव्या वर्षापासूनच त्यांना मातीत उतरवलं. म्हणजे माझ्या वयाचे होईपर्यंत त्यांच्या अंगात पंधरा वर्षांची मेहनत मुरलेली होती, आणि मी ती एका रात्रीत वसूल करायला निघालो होतो!

१९४० ते १९४७ ही वर्षं ते कराडच्या टिळक हायस्कुलात होते. मधे बेचाळीसची चळवळ आली, तेव्हा भूमिगत कार्यकर्त्यांना मदत करण्यातही ते होते. पुढे कॉलेजसाठी कोल्हापूर, राजाराम कॉलेज. कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांनी वाढवलेली कुस्तीची पंढरी, खासबाग मैदान तिथलंच. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचं मार्गदर्शन त्यांना मिळालं. खाशाबांचा बांधा आडदांड नव्हता. उंची कमी, वजन पन्नास-पंचावन्न किलोच्या घरात. ताकदीपेक्षा चपळाई आणि डाव यावर त्यांची कुस्ती चालायची.

आता इथे थोडं थांबून तालमीतल्या मेहनतीविषयी सांगतो, कारण मला वाटायचं की तालीम म्हणजे नुसती हाणामारी. आजोबांनी सांगितलेला क्रम असा. पहाटे जोर आणि बैठका, आकडा रोज थोडा थोडा वाढवायचा. मग गदा, करेला, मल्लखांब. मग हौद्यात उतरून लढती. लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मऊ केलेली असते. मग मालीश, आंघोळ, खुराक आणि झोप. दुपारची झोपही मेहनतीत धरलेली! आपल्या जिममध्ये शेवटच्या चार गोष्टी कुणी मोजतच नाही. आपण फक्त प्लेटा मोजतो.

यामागचं विज्ञान मी नंतर वाचलं. व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणाऱ्या दुखण्याचा लॅक्टिक ॲसिडशी संबंध नाही. ते ॲसिड व्यायाम थांबल्यावर तास-दोन तासांत रक्तातून निघून जातं. दुखणं मात्र २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं. १९०२ सालीच थिओडोर हॉ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने लिहून ठेवलं होतं की हे दुखणं स्नायूच्या आत झालेल्या बारीक फाटाफुटीचं असावं. सव्वाशे वर्षं होत आली, आणि आपल्या होस्टेलवर अजून लॅक्टिक ॲसिडच चालू आहे.

फाटाफूट सगळ्यात जास्त कधी होते? स्नायू ताणला जात असतानाच त्याला भार पेलावा लागतो तेव्हा. बैठकीत खाली जाताना, डंबेल हळू खाली आणताना, आणि पायऱ्या उतरताना. चढताना मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू लांबत लांबत शरीराला ब्रेक लावतो. तुळजापूरच्या पायऱ्यांचं कोडं असं सुटलं. दम चढताना लागतो, पण आधीच फाटलेल्या स्नायूवर घाव बसतो तो उतरताना.

मग शरीर दुरुस्तीला लागतं. फाटलेल्या जागी पांढऱ्या पेशी धावतात, पाणी साठतं, सूज येते, तिथल्या नसा हळव्या होतात. ही सूज आपल्याला शत्रू वाटते, पण मोडतोड साफ करणारी आणि नवीन बांधकाम सुरू करणारी मंडळी तीच. तिला काम करायला वेळ दिला तर स्नायू सावरतो आणि पुढच्या वेळी तोच व्यायाम केला तर दुखणं कितीतरी कमी होतं. एक-दोन आठवड्यांनी तीच बैठक पुन्हा मारून बघा, फरक जाणवतो. म्हणजे वस्तादाचे पंचवीस हे काही कंजूषपणाचे नव्हते. थोडी इजा, मग विसावा, मग थोडी जास्त इजा. माझी चूक बैठका मारण्यात नव्हती. आदल्या दिवशी शून्य असताना एकदम ३०० मारल्या आणि दुरुस्ती चालू असताना वर १५० चा हातोडा घातला, ही चूक होती.

आता पुन्हा खाशाबांकडे. १९४८ साली लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे गेल्यावर समोर आली ती गादी, म्हणजे मॅट. खाशाबांची सगळी कुस्ती मातीतली. मातीत पाय रुततो, अंगाला माती लागून पकड घट्ट बसते, आणि चीत होईपर्यंत कुस्ती चालते. मॅटवर बूट घालायचे, घड्याळ चालू, आणि गुणांवर निकाल. अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी त्यांना तिथे थोडंफार शिकवलं. तेवढ्यावर खाशाबांनी ५२ किलोच्या फ्लायवेट गटात ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवलं. इराणच्या मन्सूर रईसींकडून मात्र ते हरले. शेवटी सहावा क्रमांक आला.

पहिल्याच खेपेला जगात सहावा! मी असतो तर होस्टेलवर मोठा बॅनर लावला असता. खाशाबा परत आले आणि मेहनतीला लागले. ५२ वरून ५७ किलोच्या बँटमवेट गटात गेले, आणि मॅटच्या नियमांचा सराव केला. सहाव्यावरून वर सरकायला त्यांनी चार वर्षं दिली. जिमच्या जाहिरातीत महिन्याभरात शरीर घडवून देण्याची हमी असते, तेव्हा मला आता हे चार वर्षांचं गणित आठवतं.

१९५२ चं ऑलिंपिक हेलसिंकीला होतं. निवडीतच वाद झाला. निरंजन दास यांच्याशी लढत पुन्हा घ्यावी लागली आणि ती खाशाबांनी चीत करून जिंकली. निवड झाली, पण पैसे? गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. तरी कमी पडले. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. ही ओळ वाचताना मी पुस्तक मिटून बसलो होतो. आपले सर लोक आपल्याला अटेंडन्समध्ये पाच टक्के सूट देत नाहीत म्हणून आपण कुरकुरतो. (सर, हे विनोदाने घ्यावे.) एका प्राचार्याने विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकलं, १९५२ साली, जेव्हा सात हजारांत काय काय येत असेल याचा आपल्याला अंदाजही नाही.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला हरवलं, मेक्सिकोच्या लिओनार्डो बसुर्तोला हरवलं, जर्मनीच्या फर्डिनंड श्मिट्झला गुणांवर हरवलं. आता पदकाच्या टप्प्यात तिघे उरले. जपानचे शोहाची इशी, सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव्ह आणि गोळेश्वरचे खाशाबा.

या ठिकाणी माझ्या लेखाच्या नावातला अर्धा तास येतो. नियम असा होता की दोन लढतींमध्ये मल्लाला किमान ३० मिनिटं विश्रांती मिळाली पाहिजे. त्या काळी एक लढत १५ मिनिटांपर्यंत चालायची. आज तीन-तीन मिनिटांचे दोनच डाव असतात आणि मधे अर्धं मिनिट विसावा. तेव्हा १५ मिनिटं! अशी एक लांबलेली लढत संपते न संपते तोच खाशाबांना दुसऱ्या लढतीला बोलावलं गेलं. नियमाकडे बोट दाखवून विश्रांती मागायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा परक्या देशात, परक्या भाषेत एकटे. ते तसेच उतरले आणि हरले. इशी आणि मामेदबेकोव्ह दोघांविरुद्धच्या लढती त्यांच्या हातून गेल्या. इशींना सुवर्ण मिळालं, ते जपानचं कुस्तीतलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. मामेदबेकोव्हना रौप्य. २३ जुलै १९५२ ला खाशाबांच्या गळ्यात कांस्य आलं.

अर्धा तास मिळाला असता तर सोनं आलं असतं, असं मी म्हणणार नाही. समोरचे दोघेही जबरदस्त होते. पण त्या अर्ध्या तासात शरीरात काय काय झालं असतं ते मी वाचलंय. एकदम जोर लावायला स्नायूत जो तयार साठा असतो तो बहुतेक चार-पाच मिनिटांत परत भरतो. श्वास आणि ठोके खाली येतात. रक्तात साठलेलं लॅक्टेट विश्रांतीत साधारण पंधरा-वीस मिनिटांत निम्मं होतं, म्हणजे अर्ध्या तासात निम्म्याहून जास्त उतरलं असतं. हातापायांत डाव टाकण्याइतका जोर परत आला असता. नियम करणाऱ्यांनी ३० मिनिटं उगाच लिहिलेली नव्हती. खाशाबांची मेहनत कुठेच कमी नव्हती. त्यांना हक्काची विश्रांती तेवढी मिळाली नाही.

आपल्या स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या लॅबमध्ये आपण स्टीलचा तुकडा मशीनवर ओढून तोडतो. सर फटीग शिकवतात. यील्डच्या खालचाच भार पुन्हा पुन्हा दिला तरी एक दिवस स्टीलला बारीक चीर जाते आणि तुकडा तुटतो. तो तुकडा वर्षभर कपाटात ठेवला म्हणून चीर भरून येत नाही. स्नायूचं वेगळं आहे. त्यालाही चिरा जातात, पण तो थांबला की भरून येतात, आणि आधीपेक्षा घट्ट. देवाने हा एक मटेरियल असा दिलाय आणि आपण त्याला स्टीलसारखं वागवतो. तो बरा व्हायच्या आतच पुढचा भार देतो.

असो. खाशाबा परत आले तेव्हा कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्याच हेलसिंकीत आपल्या हॉकी संघाने सुवर्ण जिंकलं होतं, पण एकट्याच्या जोरावर पदक आणणारे खाशाबाच. मला मिरवणुकीपेक्षा नंतरची गोष्ट जास्त भावली. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, त्यातून पैसे उभे केले आणि खर्डेकर सरांचं गहाण पडलेलं घर सोडवून दिलं.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले. लक्ष १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिककडे होतं. पण गुडघ्याला दुखापत झाली आणि ते जाऊ शकले नाहीत. इथे एक फरक सांगतो, जो मला दवाखान्यात कळला. स्नायूचं दुखणं दोन्ही बाजूंना पसरलेलं, दाबल्यावर दुखणारं, आणि चार-पाच दिवसांत ओसरणारं असतं. सांध्यात एकाच जागी कळ येत असेल, गुडघा अडकत असेल किंवा पाय टाकता येत नसेल तर तो वेगळाच प्रकार. तिथे सवयीने बरं होईल म्हणून थांबायचं नसतं, डॉक्टर गाठायचा. आणि लघवी काळसर झाली तर एक तासही घालवायचा नाही. पेनकिलर खाऊन व्यायाम तर नकोच. दुखणं म्हणजे शरीराने लावलेला बोर्ड आहे, काम चालू आहे, रस्ता बंद. पेनकिलर घेतली की बोर्ड दिसत नाही, पण खड्डा तिथेच असतो.

पोलीस खात्यात खाशाबांनी २७ वर्षं नोकरी केली आणि असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले. खात्याच्या स्पर्धा जिंकल्या, पोरांना शिकवलं. पण ज्या देशाला पदक मिळवून दिलं तिथे त्यांच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. पेन्शनसाठीसुद्धा त्यांना झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. वय ५८. उद्या स्वातंत्र्यदिन, आणि स्वतंत्र भारताचा पहिला वैयक्तिक पदकविजेता आदल्या दिवशी गेला.

मानसन्मान नंतर आले. अर्जुन पुरस्कार २००० सालचा, मरणोत्तर. २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. त्यांच्यानंतर भारताला पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं ते १९९६ मध्ये, लिअँडर पेसचं. मधे ४४ वर्षं गेली. कुस्तीत पुढचं पदक २००८ ला, ५६ वर्षांनी. आणि महाराष्ट्राला पुढचं वैयक्तिक पदक २०२४ ला पॅरिसमध्ये, कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेमुळे, तब्बल ७२ वर्षांनी.

आपल्या धाराशिवलाही कुस्तीचं वावडं नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात इथे तुळजाभवानी स्टेडियममध्ये महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या, त्या बघितलेले सीनियर अजून त्याच्या गप्पा मारतात. गावोगावच्या यात्रांत अजून हलगी वाजते. त्यामुळे आपल्यातल्या कुणाला तरी वस्ताद सापडणं कठीण नाही. होस्टेलच्या जाणकारांपेक्षा तो बरा.

मी आता परत जिममध्ये जातो. एक वही केली आहे. त्यात आदल्या वेळी किती केलं ते लिहितो आणि त्यात थोडंच वाढवतो. मांड्यांचा व्यायाम झाला की दोन दिवस मांड्यांना हात लावत नाही. पहिल्या आठवड्यात २५ बैठका मारल्या. पोरं हसली. आता ८० वर आलोय आणि दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये चार तास उभा राहू शकतो. जास्तीत जास्त किती वजन उचलता येईल हे मी रोज बघत नाही. बहुतेक दिवस त्याच्या साठ-सत्तर टक्क्यांवरच काम करतो. दुखलं नाही म्हणजे व्यायाम झालाच नाही, ही समजूत सोडून दिलीय. गेल्या महिन्यात तुळजापूरला पुन्हा गेलो आणि कठडा न धरता खाली उतरलो.

आणखी एक केलं. मार्चमध्ये आपल्या कबड्डी टीमबरोबर मी मॅनेजरचा मदतनीस म्हणून गेलो होतो. खेळता येत नाही, पण नियमांची पुस्तिका वाचता येते, आणि कॉन्व्हेंटचा काहीतरी उपयोग व्हावा ना! एका ठिकाणी आपला दुसरा सामना पहिल्याला लागूनच लावला होता. पोरं गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत होती. मी पुस्तिका घेऊन टेबलापाशी गेलो. पाय लटपटत होते, मराठीत सुरुवात केली आणि इंग्रजीत संपवलं. वीस मिनिटं मिळाली. पोरांनी पाणी प्यायलं, पाय वर करून पडली, एकाने दुसऱ्याच्या पोटऱ्या चोळल्या.

तो सामना आपण हरलो, सात गुणांनी. पण बसमध्ये परत येताना कॅप्टन म्हणाला की पुढच्या वर्षीही तू चल. मी आजोबांना फोन करून सांगितलं. त्यांनी आधी सामन्याचं विचारलं नाही, बैठका किती चालल्यात ते विचारलं. ऐंशी म्हटल्यावर म्हणाले, सावकाश.